संगणकातील दप्तर : नावे आणि ठिकाणे

घरकुलासाठी ग्रामसभेपुढे ठेवलेल्या यादीत आपले नाव कोणत्या क्रमांकावर होते, हे पाहण्यासाठी एखादा ग्रामस्थ पंचायतीच्या कार्यालयात येतो. सही झालेली प्रत लेखापरीक्षणासाठी गेलेली असते आणि संगणक परिचालक रजेवर असतो. विचारणा केली असता 'ती यादी एक्सेलमध्ये आहे' असे उत्तर मिळते. एक्सेल उघडले जाते. समोर रिकाम्या चौकटींचा कोरा तक्ता येतो. मग यादी पुसली गेली असावी, असा निष्कर्ष काढला जातो आणि ग्रामस्थास पुढच्या सोमवारी येण्यास सांगण्यात येते. वस्तुतः यादी त्याच संगणकात, चार बोटांच्या अंतरावर असते. तिचा पत्ता विचारला असता तिच्या लेखणीचे नाव सांगितले गेले, एवढाच काय तो घोटाळा.

एक्सेल किंवा वर्ड ही लेखणी आहे, कपाट नव्हे. नवशिक्यांच्या बहुतेक अडचणींचे मूळ ह्या एका गोष्टीत सापडते. लेखणीने लिहिलेला कागद लेखणीत राहत नाही. तो कोठेतरी ठेवावा लागतो. तो कोठे ठेवला, हे ठेवणाऱ्याखेरीज कोणास ठाऊक नसेल, तर कागद असून नसल्यासारखाच.

शासकीय व निमशासकीय कार्यालयांच्या दृष्टीने हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास कायदेशीर मान्यता दिली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचिबद्ध ठेवण्याची जबाबदारी टाकली आणि कलम ७ ने माहिती देण्यास सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत घातली. 'अभिलेख आढळून येत नाही' हे उत्तर देणाऱ्या कार्यालयाच्या संगणकात तोच अभिलेख 'बुक१' ह्या नावाने पडून असेल, तर नागरिकाच्या हक्काची हानी होते. आणि तीही कोणाच्या दुष्ट हेतूने नव्हे, तर केवळ नावांच्या घोळामुळे.

'फाइल' ह्या शब्दाची अदलाबदल

ह्या घोळाची सुरुवात सर्वांच्या परिचयाच्या शब्दापासूनच होते. आपल्या कार्यालयांत फाइल म्हणजे नस्ती. तिच्यात एका विषयाचे अनेक कागद असतात. एका बाजूस टिपणी, दुसऱ्या बाजूस पत्रव्यवहार. संगणकात मात्र एकट्या कागदाला फाइल म्हणतात. एक पत्र ही एक फाइल, एक तक्ता ही दुसरी, एक छायाचित्र ही तिसरी. अनेक कागद एकत्र ठेवण्याच्या जागेस, म्हणजे आपल्या नस्तीस, संगणकात 'फोल्डर' म्हणतात. तीस वर्षे कारकुनी केलेल्या अनुभवी माणसास 'फाइल फोल्डरमध्ये ठेवा' हे वाक्य ऐकून गोंधळल्यासारखे व्हावे, यात नवल नाही. फाइल कशात ठेवावयाची नसते, फाइलीत ठेवावयाचे असते, असेच तो आजवर समजत आला आहे.

ही चित्रे आपल्या कचेऱ्यांतून घेतलेली नाहीत. पडद्यावर टेबलाचे दृश्य दाखवून त्यावर कागद आणि फोल्डर यांची चित्रे मांडण्याची पद्धत झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये 'स्टार' ह्या संगणकाद्वारे बाजारात आणली. त्या चित्रांमागे अमेरिकी कचेरी होती : पोलादी खणांचे कपाट, त्यात कड वर आलेले पिवळट पुठ्ठ्याचे फोल्डर. आपल्याकडील बस्ता, फीत आणि गठ्ठा यांना त्या पडद्यावर स्थान मिळाले नाही. तरीही तत्त्व परके नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवण्याची पद्धत होती आणि कागदाचा पत्ता रुमालाच्या क्रमांकावरून सांगितला जातो. तो कागद कोणत्या बोरूने लिहिला, हे कोणी विचारीत नाही. फोल्डर म्हणजे रुमाल, इतके ध्यानात ठेवले तरी अर्धे काम झाले.

यात आणखी एक वळण आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेल्या 'ई-ऑफिस' प्रणालीत फाइल ह्या शब्दाचा अर्थ पुन्हा जुनाच, म्हणजे टिपणी व पत्रव्यवहारासहित नस्ती, असा आहे. त्यामुळे एकाच टेबलावर, एकाच पडद्यावर, एकच शब्द सकाळी एका अर्थाने व दुपारी दुसऱ्या अर्थाने वापरला जातो. शिवाय 'ई-ऑफिस' आणि 'एमएस ऑफिस' यांचा परस्परांशी काही संबंध नाही. पहिली शासकीय नस्त्यांच्या प्रवासाची व्यवस्था आहे; दुसरा मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या लेखन, तक्ते व सादरीकरण यांच्या साधनांचा संच आहे. 'एमएस' ह्या दोन अक्षरांनीही महाराष्ट्रात मौज केली आहे. 'एमएस वर्ड' मधील एमएस म्हणजे मायक्रोसॉफ्ट. 'एमएस-सीआयटी' ह्या २००२ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमातील एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट. शिक्षकांनी हा भेद विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगावा.

एका नावाच्या अनेक वस्तू

संगणकीय साधनांची नावे कंपन्या ठेवतात आणि ती ठेवताना वस्तूच्या कार्यापेक्षा बाजाराचा विचार अधिक होतो. १९८३ चे वर्ड, १९८५ चे एक्सेल, १९८७ चे पॉवरपॉइंट, ही सर्व नावे रोजच्या इंग्रजी शब्दांवरून घेतली आहेत. इंग्रजी जाणणाऱ्यास ती फार सामान्य वाटतात म्हणून तो चुकतो. मराठी वाचकास त्यांतून काहीच बोध होत नाही म्हणून तो चुकतो. 'एक्सेल' म्हणजे सरस ठरणे. त्या शब्दात तक्ता कोठेच नाही.

सर्वाधिक घोटाळा 'एक्सप्लोरर' ह्या नावाने केला. १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर संगणकातील फोल्डर व फाइली दाखविणारे 'विंडोज एक्सप्लोरर' आले आणि त्याच सुमारास महाजालावरील पाने दाखविणारे 'इंटरनेट एक्सप्लोरर'ही आले. पहिले घरातील कपाट उघडणारे, दुसरे घराबाहेरच्या रस्त्यावर नेणारे. नाव मात्र एकच. 'एक्सप्लोरर उघडा' अशी दूरध्वनीवरून सूचना मिळाली की ऐकणारा हमखास दुसरेच उघडीत असे. पुढे २०१२ मध्ये पहिल्याचे नाव 'फाइल एक्सप्लोरर' झाले, ही सुधारणाच म्हणावी लागेल. इंटरनेट एक्सप्लोररचा आधार १५ जून २०२२ रोजी बंद करण्यात आला आणि त्याची जागा 'एज' ने घेतली. जुन्या मार्गदर्शक पुस्तिकांतून व कार्यालयीन सूचनांतून मात्र ते नाव अजून डोकावते. नवशिक्याने एवढेच स्मरणात ठेवावे की, आपला कागद शोधावयाचा असेल तर पिवळ्या फोल्डरच्या चित्रावर जावे. विंडोज कळ दाबून धरून 'ई' हे अक्षर दाबले तरी तेच उघडते.

'गूगल' आणि 'क्रोम' यांची अशीच गफलत होते. क्रोम हे २००८ मध्ये आलेले महाजालाची पाने दाखविणारे साधन. गूगल हे त्यातून उघडणारे शोधाचे पान आणि ते चालविणारी कंपनी. 'गूगलवरून उतरवून घेतले' असे सांगितले जाते, तेव्हा तो कागद बहुधा कोणत्यातरी शासकीय संकेतस्थळावरून आलेला असतो आणि संगणकाच्या 'डाउनलोड्स' ह्या फोल्डरात असतो. 'वर्डपॅड' हे वर्डचे धाकटे भावंड भासत असे, परंतु ते विंडोजबरोबर विनामूल्य येणारे स्वतंत्र साधन होते. २०२४ मध्ये विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीतून ते काढून टाकण्यात आले. 'आउटलुक' चे तर विचारूच नये. संगणकात बसविलेला टपालाचा कार्यक्रम, पूर्वीचे 'आउटलुक एक्सप्रेस' आणि जुन्या हॉटमेलचे नवे रूप, अशा तीन निराळ्या वस्तूंना ते नाव मिळाले.

'ड्राइव्ह' ह्या शब्दाकडे मात्र कार्यालयांनी विशेष लक्ष द्यावे, कारण येथे चुकल्यास कागद खरोखरच हाताबाहेर जातो. हार्ड ड्राइव्ह संगणकाच्या पेटीत असतो. पेन ड्राइव्ह खिशात असतो. गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्ह मात्र दूरच्या कंपनीच्या यंत्रांवर असतात आणि ते कोणाच्या तरी वैयक्तिक खात्याशी जोडलेले असतात. 'ड्राइव्हवर टाकले आहे' हे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. कोणत्या ड्राइव्हवर आणि कोणाच्या खात्यात, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ नाही. परिचालकाने आपल्या स्वतःच्या खात्यात ठेवलेली कर आकारणीची यादी त्याच्या नेमणुकीबरोबर निघून जाऊ शकते. संगणकात पहिला ड्राइव्ह 'सी' का, असा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखून ठेवली होती. फ्लॉपी गेली, अक्षरे रिकामी राहिली.

नावे बदलतात ती प्रत्येक वेळी सुधारणेसाठीच, असेही नाही. वनड्राइव्हचे पूर्वीचे नाव 'स्कायड्राइव्ह' होते. ब्रिटनमधील 'स्काय' ह्या दूरचित्रवाणी कंपनीने आपल्या नामचिन्हाच्या हक्कासाठी दावा केला, २०१३ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१४ मध्ये साऱ्या जगात ते नाव बदलले. लंडनमधील निकालामुळे तालुक्याच्या गावातील शाळेच्या संगणकावरील अक्षरे बदलावीत, असा हा व्यवहार आहे. 'माय कॉम्प्युटर' चे 'कॉम्प्युटर' आणि मग 'धिस पीसी' झाले. 'ऑफिस ३६५' चे २०२० मध्ये 'मायक्रोसॉफ्ट ३६५' झाले. विंडोज १० साठीची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्याने अनेक कार्यालयांत नवे संगणक येत आहेत आणि त्यांबरोबर ओळखीच्या वस्तू पुन्हा नव्या जागी दिसू लागल्या आहेत. नावे पाठ करणाऱ्याची अशा वेळी फसगत होते. वस्तूचे काम ओळखणारा दोन दिवसांत रुळतो.

कागद जातो कोठे?

पहिल्यांदा कागद जतन करताना, म्हणजे 'सेव्ह' करताना, संगणक दोन गोष्टी विचारतो : नाव काय आणि ठेवावयाचा कोठे. ह्या एका क्षणी केलेल्या घाईची किंमत पुढे अनेक तास शोधण्यात मोजावी लागते. नाव न दिल्यास वर्ड मजकुराची पहिली ओळच नाव म्हणून सुचविते. परिणामी आपल्या कार्यालयांत 'प्रति', 'महाराष्ट्र शासन', 'विषय' अशा नावांच्या फाइलींचे ढीग साचले आहेत. ठिकाण न निवडल्यास कागद 'डॉक्युमेंट्स' मध्ये जातो. संगणक मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडलेला असेल, तर वनड्राइव्ह हेच ठिकाण सुचविले जाते. अशा वेळी डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स हे फोल्डरही वनड्राइव्हच्या पोटात गेलेले असू शकतात. त्यामुळे 'डॉक्युमेंट्स' नावाची दोन ठिकाणे दिसतात आणि माणूस नेमका रिकाम्यात शोधीत बसतो.

तीन-चार जण एकच संगणक वापरतात अशा कार्यालयांत आणखी एक बाब पाहावी. संगणक सुरू करताना ज्याच्या नावाने प्रवेश केला जातो, त्या प्रत्येकाचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व डाउनलोड्स स्वतंत्र असतात. मुख्याध्यापकांच्या नावाने प्रवेश केल्यावर लिपिकाने ठेवलेला कागद दिसत नाही, म्हणून तो नष्ट झाला असे समजू नये.

टपालातून आलेला तक्ता तेथल्या तेथे उघडून त्यात आकडे भरणे, ही सवय फार घातक आहे. असा कागद तात्पुरत्या, लपलेल्या फोल्डरात उघडतो; त्यात केलेले बदल नंतर मिळतीलच असे नाही. आधी तो आपल्या फोल्डरात उतरवावा, मग उघडावा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या परिपत्रकाचेही तसेच. संगणकावर ते डाउनलोड्समध्ये येते आणि तीनदा उतरविले तर नावापुढे कंसात १, २ असे आकडे लागून तीन प्रती तयार होतात. त्यांपैकी दुरुस्त केलेली कोणती, हे मग उतरविणाऱ्यासही सांगता येत नाही.

हरवलेला कागद शोधताना प्रथम ज्या साधनात तो तयार केला ते उघडून अलीकडील फाइलींची यादी पाहावी; यादीतील नावावर थोडे थांबल्यास ठिकाणही दिसते. तेथे नसेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये 'धिस पीसी' निवडून नावातील एखादा खात्रीचा शब्द शोधावा. नाव आठवत नसेल तर दिवस आठवावा. डाउनलोड्स व डॉक्युमेंट्स हे फोल्डर उघडून बदलाच्या तारखेनुसार क्रम लावला की गेल्या आठवड्याचे कागद वर येतात. बहुतेक प्रकरणे येथेच निकालात निघतात. तरीही न मिळाल्यास कचरापेटी, म्हणजे 'रीसायकल बिन', पाहावी आणि वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह त्यांच्या संकेतस्थळावरून उघडावे. संगणकाची नव्याने मांडणी करण्याचा सल्ला मात्र ह्या सर्व पायऱ्या संपेपर्यंत कोणाचाही ऐकू नये.

मराठी कागदांची निराळी अडचण

इंग्रजी पुस्तकांतून न आढळणारी एक अडचण आपल्या कार्यालयांत आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन निरनिराळ्या कंपन्यांच्या खास टंकांतून, म्हणजे फॉन्टमधून, होत असे. ह्या टंकांत पडद्यावर अक्षर मराठी दिसले तरी संगणकाच्या लेखी ते रोमन अक्षरच असे. म्हणून 'ठराव' असा शब्द शोधला असता त्या काळातील एकही ठराव सापडत नाही. आणि पहिल्या ओळीवरून आपोआप दिलेली नावे तर अर्थहीन रोमन अक्षरांची माळ होऊन बसली आहेत. तो टंक नव्या संगणकात नसेल तर आतील मजकूरही तसाच दिसतो. कागद बिघडलेला नसतो; त्याचा टंक हरवलेला असतो. अशा जुन्या फाइली युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात. रूपांतरात जोडाक्षरे व आकडे बिघडण्याचा संभव असल्याने मूळ प्रत राखूनच हे काम करावे.

युनिकोडमध्येही शोध हा अक्षरशः असतो. एकाने 'इतिवृत्त' आणि दुसऱ्याने 'ईतिवृत्त' लिहिले, तर एकाचा कागद दुसऱ्यास सापडणार नाही. शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या शिक्षकांना येथे एक नवाच पुरावा मिळतो. देवनागरी अंक आणि रोमन अंक हीदेखील संगणकाच्या दृष्टीने वेगवेगळी चिन्हे आहेत. कार्यालयाने एक रीत ठरवून तीच पाळावी.

नाव आणि रुमाल

जुन्या एमएस-डॉस प्रणालीत फाइलीच्या नावास केवळ आठ अक्षरे मिळत असत. विंडोज ९५ पासून ही मर्यादा २५५ पर्यंत वाढली. तथापि काटकसरीची जुनी सवय सुटलेली नाही. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर विषय लिहावा. उदाहरणार्थ, '२०२५-०८-१५ ग्रामसभा इतिवृत्त'. अशाने नावांच्या क्रमात कागद आपोआप कालक्रमाने लागतात. दिवस आधी लिहिल्यास प्रत्येक महिन्याची पहिली तारीख एका जागी गोळा होते. तिरकी रेघ मात्र विंडोज फाइलीच्या नावात स्वीकारीत नाही. आपले जावक क्रमांक तिरक्या रेघांनीच भरलेले असतात. त्या जागी आडवी रेघ द्यावी. 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरे अंतिम' अशी नावे देण्याचा मोह आवरावा.

नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरे कागदाची जात सांगतात. वर्डचा जुना कागद 'डॉक', २००७ पासूनचा 'डॉकएक्स', एक्सेलचा 'एक्सएलएसएक्स', आणि न बदलता पाठवावयाचा 'पीडीएफ'. विंडोज ही अक्षरे मुळात लपवून ठेवते. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मध्ये जाऊन ती दिसतील अशी व्यवस्था करावी. एकाच नावाच्या दोन फाइलींपैकी दुरुस्त करता येणारी कोणती आणि सही करून पाठविलेली कोणती, हे त्यावरून लगेच कळते.

फोल्डरांची मांडणी नव्याने शोधून काढण्याची गरज नाही. महसुली कार्यालयांतील सहा गठ्ठा पद्धती सर्वपरिचित आहे. १९८० च्या दशकात तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन रचना व अभिलेख यांबाबत केलेला प्रयोगही अनेकांच्या स्मरणात असेल. चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे जाणारे कागद आणि नष्ट करावयाचे कागद, हेच सहा फोल्डर संगणकात करता येतात. अभिलेखांचे अ, ब, क, क-१ व ड हे वर्गीकरणही तसेच लागू करावे. कायम जपावयाचा 'अ' वर्गातील कागद एखाद्याच्या डेस्कटॉपवर पडलेला असणे, हे तो व्हरांड्यात पडलेला असण्यासारखेच होय.

बदली झालेल्या कर्मचाऱ्याकडून कार्यभार घेताना कपाटाच्या किल्ल्या, नोंदवह्या व धनादेश पुस्तिका मोजून घेतल्या जातात. संगणकाबाबत मात्र 'एक संच, चालू स्थितीत' एवढीच नोंद होते. ह्या नोंदीसोबत फोल्डरांची एक यादी जोडावी. प्रत्येक विषयाचे कागद कोणत्या फोल्डरात, कोणत्या नावाच्या प्रवेशाखाली, कोणत्या साधनाने उघडणारे, आणि महाजालावरील खाते असल्यास ते कार्यालयाचे की व्यक्तीचे, एवढे तपशील तिच्यात पुरेत. व्यक्तीच्या खात्यातील कागद त्याच दिवशी कार्यालयाच्या खात्यात उतरवून घ्यावेत. सर्व फोल्डरांची एक प्रत स्वतंत्र ड्राइव्हवर घेऊन ती दुसऱ्या संगणकाला जोडावी, देणारा व घेणारा या दोघांच्या समक्ष त्यातील चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात आणि मगच यादीवर सह्या कराव्यात.